खिडकीतला फोन आणि पाच मिनिटांचे उत्तर

दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका गावातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश येथे देत आहे.

पत्रलेखिका ४१ वर्षांच्या आहेत. यजमान मुंबईत नोकरीला असून महिन्यातून दोनदा गावी येतात. घरी सासूबाई आणि आठवीतली मुलगी असते. राहत्या घराला लागूनच चार खोल्यांचे घरगुती निवास त्या चालवतात आणि आंब्याच्या दिवसांत घरच्या कलमांचा हापूस थेट गिऱ्हाइकांना पाठवतात. घरात मोबाइलला रेंज मिळते ती पडवीच्या एकाच खिडकीत. त्यामुळे फोन दिवसभर तिथे ठेवलेला असतो आणि तो वाजला की मासे साफ करत असल्या तरी हात कसेबसे पुसून त्या पडवीत धावतात. पाच मिनिटांत उत्तर दिले नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या वाडीत जाते, असे त्या लिहितात. आरक्षण करून देणाऱ्या संकेतस्थळाची ई-मेल मात्र कधी कधी तासाभराने दिसते. गेल्या मे महिन्यात त्यामुळे एकच खोली दोन कुटुंबांना दिली गेली, दारात वाद झाला, आणि यजमानांनी मुंबईहून फोन करून 'मेल पाहिली नाहीस का?' असे विचारले. त्यातच मुंबईच्या नणंदेने घरच्या ग्रुपवर लिहिले, 'वहिनी, वाचून उत्तर देत नाहीस.' त्यांचा प्रश्न असा : 'दुसरा फोन घेऊ, व्हॉट्सॲप बंद करू, की उत्तरे द्यायला मुलीला बसवू? रात्री झोपेतही फोन वाजल्यासारखा वाटतो.'

ताई, तुमच्या पत्रात यंत्राच्या अडचणी आणि माणसांच्या तक्रारी एकमेकींत गुंतून बसल्या आहेत. त्या आधी वेगळ्या करून घ्याव्या लागतील, कारण काही गोष्टी फोनच्या सेटिंगमध्ये थोड्या वेळात दुरुस्त होण्यासारख्या आहेत आणि काही यजमानांशी समोरासमोर बसून बोलल्याखेरीज सुटणार नाहीत.

तुम्ही सुचवलेले तीन पर्याय मला पटले नाहीत. दुसरा फोन घेतलात तरी रेंजची खिडकी एकच आहे; तिथे एकाऐवजी दोन फोन वाजतील. व्हॉट्सॲप बंद करण्याचा विचार रागाच्या भरात सुचलेला आहे, हे तुम्हालाही ठाऊक असावे. मुंबई-पुण्याची माणसे आज खोलीची चौकशी आणि आंब्याची मागणी तिथेच करतात. आणि मुलीला बसवू नका. अनोळखी माणसांशी दराची घासाघीस करणे, 'खोलीत बसून घेतली तर चालेल ना?' असल्या प्रश्नांना तोंड देणे हे आठवीतल्या मुलीचे काम नव्हे, आणि तुम्हाला ज्याचा जाच होतो आहे तोच तिच्या वाट्याला देऊन काही साधणार नाही.

आता तुमच्या पत्राच्या मुळाशी असलेल्या एका समजुतीकडे वळू. संदेश तत्काळ येतो, म्हणून उत्तरही तत्काळ गेले पाहिजे, असे तुम्ही धरून चालला आहात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी तसा काही संबंध नाही. पूर्वी ई-मेल पाहायची तर संगणक उघडून ती मागवावी लागे. कॅनडातील रिसर्च इन मोशन या कंपनीने १९९९ साली ब्लॅकबेरी या नावाचे पेजरसारखे यंत्र आणले आणि त्यात आलेली मेल न मागता आपोआप दिसू लागली. २००९ मध्ये ॲपलने आयफोनवरच्या इतर ॲपनाही अशाच रीतीने सूचना पोचवण्याची सोय खुली केली, पुढच्या वर्षी गुगलने अँड्रॉइडसाठी तशीच सोय आणली, आणि व्हॉट्सॲप सुरू झाले तेही २००९ मध्येच. होड्या लागल्या का हे बघायला बंदरावर खेपा घालण्याऐवजी मासेवालीने दारात येऊन हाक द्यावी, असा हा बदल होता. हाक आल्यावर टोपली लगेच उतरवून घ्यायची की 'आज नको, उद्या ये' म्हणायचे, हे घरातल्या बाईच्याच हातात राहते. पुन्हा पुन्हा पाहायला लागू नये म्हणून जी व्यवस्था निघाली, तिच्यामुळे तुम्ही दिवसभर पडवीच्या खेपा घालत आहात.

पाच मिनिटांच्या हिशेबाविषयी मी थोडी शंका घेणार आहे. राग मानू नका. गिऱ्हाईक गेले ते उत्तराला उशीर झाला म्हणून गेले, की दर ऐकून गेले, की त्यांना वातानुकूलित खोली हवी होती म्हणून गेले, हे तुम्ही कधी ताडून पाहिले आहे का? एक साधी वही करा. चौकशी कधी आली, उत्तर कधी गेले आणि खोली ठरली की नाही, एवढेच तीन रकाने पंधरा दिवस लिहा. जी माणसे एकच संदेश पाच ठिकाणी पाठवून पहिल्या उत्तरावर पैसे भरतात, ती काही प्रमाणात निसटतील हे खरे. पण तुमच्याकडे पुन्हा पुन्हा येणारी कुटुंबे त्यातली आहेत का? ज्यांना तुमच्या सासूबाईंच्या हातचे घावणे लक्षात आहेत, ती माणसे दुपारी विचारलेल्या प्रश्नाला संध्याकाळी उत्तर मिळाले म्हणून दुसरीकडे जाणार नाहीत. वही माझ्या म्हणण्याविरुद्ध निघाली तर वहीचे ऐका.

तरीही चौकशीला पटकन काहीतरी पोच मिळावी, ही तुमची इच्छा रास्त आहे, आणि त्यासाठी खिडकीत उभे राहावे लागत नाही. २०१८ पासून व्हॉट्सॲप बिझनेस नावाचे वेगळे ॲप आहे. त्याला वेगळा क्रमांक लागतो, पण वेगळा फोन लागत नाही. तुमच्या फोनमध्ये दोन सिमची सोय असेल तर घरचे व्हॉट्सॲप एका क्रमांकावर आणि धंद्याचे दुसऱ्या क्रमांकावर, अशी दोन्ही ॲप एकाच फोनमध्ये राहतात. त्यात पहिल्यांदा संदेश पाठवणाऱ्याला आपोआप स्वागताचा मजकूर जातो, ठरावीक वेळांत 'सध्या उपलब्ध नाही' असा मजकूर जातो, आणि नेहमीची उत्तरे आधी लिहून ठेवता येतात. पाहुण्यांचे प्रश्न फार वेगवेगळे नसतात : दर काय, जेवणात काय, समुद्र किती लांब, दापोलीहून गाडी मिळते का. ही उत्तरे एकदा शांतपणे, नीट वाक्यांत लिहून ठेवा. त्यात एक ओळ अशीही घाला की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, त्यामुळे त्या दिवसांत ताज्या सुरमईचा आग्रह धरू नये. ही माहिती आधीच दिलेली असली म्हणजे ताटावर बसल्यानंतरचे रुसवे वाचतात.

यात एक मेख आहे. 'उपलब्ध नाही' हा मजकूर जाण्यासाठी तुमचा फोन त्या वेळी इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. पावसाळ्यात वीज गेली आणि पाठोपाठ टॉवरही बंद पडला, तर तो मजकूर जाणार नाही. समोरच्याला त्याच्या संदेशापुढे फक्त एक राखाडी खूण दिसत राहील. म्हणून आपल्या प्रोफाइलमध्ये कायमचे लिहून ठेवा : 'गावात रेंज अनियमित आहे. उत्तरे दुपारी २ ते ३ आणि रात्री ८ ते ९ या वेळेत दिली जातात. तातडीचे असल्यास फोन करावा.' ही वेळ एकदा जाहीर केली की ती पाळा. रात्री दहाला उत्तर देण्याचा मोह झाला तर आवरा, कारण एकदा दिलेत की पुढच्या वेळी त्याच वेळेला अपेक्षा होते.

आता खोलीच्या दुहेरी आरक्षणाविषयी सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तुम्ही त्याचा सगळा दोष स्वतःकडे घेतला आहे आणि मला तो बराचसा फोनचा वाटतो. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या आवृत्तीपासून बॅटरी वाचवण्याची एक व्यवस्था आहे : फोन चार्जरला लावलेला नसेल, एका जागी स्थिर पडून असेल आणि पडदा बंद असेल, तर काही वेळाने तो बहुतेक ॲपचे पडद्यामागचे काम थांबवतो आणि मधून मधून थोडा वेळ जागा होऊन साठलेले काम उरकतो. गप्पांच्या संदेशांना फोन जागा करण्याची मुभा सहसा मिळते, मेलला ती नेहमी मिळत नाही. तुमचा फोन पडवीच्या खिडकीत तासन्‌तास हालचालीविना पडलेला असतो. म्हणजे अशा पेंगण्यासाठी लागणारी परिस्थिती तिथे आयतीच तयार आहे. शिवाय काही फोन कंपन्या यावर आपली आणखी कडक बॅटरी-बचत घालतात, आणि रेंज क्षीण असली की टॉवर धरून ठेवण्यातच बॅटरी अधिक खर्च होत असल्याने माणूस बचतीचे बटण स्वतःहून चालू करतो. म्हणजे व्हॉट्सॲपवर फूल आणि सुप्रभात क्षणात येते, पण ज्या मेलवर चार हजारांची खोली अवलंबून आहे ती मागे राहते.

उपाय अवघड नाही. सेटिंगमध्ये बॅटरीच्या विभागात जाऊन मेलच्या ॲपवरचे निर्बंध काढा. बाकी ॲपवरचे राहू द्या. मेल कोणत्या ॲपमध्ये पाहता तेही तपासा, कारण फोनबरोबर आलेल्या काही मेल ॲपमध्ये नवी मेल आपोआप येत नाही, ते दर पंधरा मिनिटांनी किंवा तासाने जाऊन विचारते. आयफोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये जीमेलचे खाते असेच चालते. जीमेलचे स्वतंत्र ॲप घातले तर सूचना लगेच येते. फोन खिडकीत असताना चार्जरला लावून ठेवता आला तर उत्तमच, फक्त विजा चमकत असताना काढा. घरात तारेचे इंटरनेट घेता येण्यासारखे असेल तर खर्चाचा विचार जरूर करा, कारण मग वाय-फायवरून संदेश आणि, फोन व सिम या दोघांत सोय असल्यास, साधे कॉलसुद्धा स्वयंपाकघरात येतील.

एवढे करूनही मेलच्या भरवशावर खोली द्यायची नाही, असा नियम करा. व्हॉट्सॲपवर कुणालाही 'हो' म्हणण्यापूर्वी संकेतस्थळावर त्या तारखा आधी बंद करायच्या, मग होकार द्यायचा, आणि आगाऊ रक्कम खात्यात जमा झाल्याचे बँकेच्या संदेशावरून पाहिल्याखेरीज खोली पक्की झाली असे लिहायचे नाही. घाईचा फायदा घेणारे भामटेही याच वाटेने येतात. 'सैन्यात आहे, सगळ्या खोल्या हव्यात, पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका' असा संदेश आला तर तिथेच बोलणे थांबवा; यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही.

आणि आता, ताई, थोडे नाजूक बोलतो आहे. यजमान मुंबईत आहेत, तिथे रेंजची ददात नाही, आणि संकेतस्थळाची मेल त्यांच्याही फोनवर त्याच क्षणी दिसू शकते. मग 'मेल पाहिली नाहीस का?' हा प्रश्न मुंबईहून कोकणात का यावा? संदेश यंत्राने वेगाने आणले, पण त्यांच्यासाठी धावायचे कुणी हे घरातल्या माणसांनी, बहुधा न बोलताच, ठरवून टाकले आणि ते तुमच्या अंगावर आले. यजमानांची चूक काढण्याचा यात हेतू नाही. त्यांना बहुधा ही वाटणी कधी दिसलीच नसेल. मेलचे ते खाते त्यांच्या फोनमध्ये घाला. व्हॉट्सॲपचे एक खाते मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणांवर जोडता येते, आणि २०२३ पासून त्यात दुसरा फोनही चालतो. मुख्य फोन त्या वेळी बंद असला तरी जोडलेले उपकरण काम करते, फक्त मुख्य फोन चौदा दिवसांत एकदा तरी उघडावा लागतो. धंद्याचे खाते यजमानांच्या फोनशी असे जोडले म्हणजे सकाळी लोकलमध्ये उभ्या उभ्या ते चार चौकशांना उत्तरे देऊ शकतील. तारखा बंद करण्याचे काम पूर्णपणे त्यांच्याकडे द्या आणि तुम्ही त्यात हात घालू नका. दोघांनी मिळून केलेले काम शेवटी पुन्हा दुहेरी आरक्षणाकडेच जाईल. खोल्या, स्वयंपाक, आंब्याच्या पेट्या भरणे हे तुमच्याकडे आहेच, आणि ते फोनवर होत नाही.

घंटांची निवड मात्र तुम्हालाच करावी लागेल. तुमच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपच्या ग्रुपची सूचना आणि एकेका माणसाच्या संदेशाची सूचना वेगवेगळी लावता येते. सगळ्या ग्रुपचा आवाज बंद करा. अपवाद एकच, मुलीच्या शाळेचा ग्रुप, तोही पावसाळ्यात, कारण अतिवृष्टीच्या इशाऱ्यावरून शाळेला सुट्टी जाहीर झाल्याचे सकाळी तिथेच कळते. आंब्याच्या दिवसांत 'पेटी निघाली का?' हा प्रश्न प्रत्येकाने विचारण्याआधी पेट्या गाडीत चढल्या की एकच संदेश ब्रॉडकास्ट यादीवरून सगळ्यांना पाठवा. ज्यांनी तुमचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो मिळतो, एवढे आधी सांगून ठेवा. रात्री नऊनंतर फोन 'व्यत्यय नको' या स्थितीत ठेवा आणि यजमान, मुलगी, डॉक्टर व मुक्कामाला असलेले पाहुणे यांच्या कॉलना परवानगी द्या. पंधरा मिनिटांच्या आत पुन्हा आलेला कॉल वाजू देण्याची सोयही अँड्रॉइडमध्ये आहे. खरोखर अडलेला माणूस दुसऱ्यांदा फोन करतोच. झोपेत फोन वाजल्याचा भास पुष्कळांना होतो, तो तुमच्या एकटीचा नाही. काही आठवडे फोन रात्री पडवीतच राहू द्या आणि उठवायला गजराचे घड्याळ लावा. झोप तरीही येत नसेल तर मात्र डॉक्टरांशी बोला.

'पण वादळाचा इशारा आला तर?' असे तुमच्या मनात येईल, आणि ३ जून २०२० चे निसर्ग वादळ पाहिलेल्या माणसाच्या मनात ते येणारच. त्या वादळानंतर आपल्या भागात कितीतरी दिवस वीज आणि मोबाइल दोन्ही नव्हते, तेव्हा व्हॉट्सॲपवर विसंबणाऱ्यांचे काय झाले हे तुम्हाला सांगायला नको. सरकारने २०२३ मध्ये मोबाइलवर मोठ्या आवाजाच्या ज्या आपत्कालीन सूचनांच्या चाचण्या घेतल्या, त्या टॉवरवरून थेट येतात. त्यांना इंटरनेट लागत नाही आणि कोणतेही ॲप लागत नाही. सेटिंगमध्ये आपत्कालीन सूचना चालू आहेत ना, एवढे पाहून ठेवा. इशाऱ्यासाठी दहा ग्रुप जागे ठेवण्याची गरज नाही. तिथे येणारे बरेचसे इशारे मागच्या वर्षीचे असतात.

राहता राहिल्या नणंदबाई. निळ्या खुणा २०१४ च्या नोव्हेंबरात आल्या आणि तेव्हापासून घरोघरी हा रुसवा आहे. त्या खुणा सेटिंगमधून बंद करता येतात, मग इतरांच्याही तुम्हाला दिसत नाहीत. पण ग्रुपमध्ये त्या बंद होत नाहीत, म्हणून तुम्ही बंद केल्या तरी ही तक्रार मिटणार नाही. ग्रुपमध्ये एकट्या तुम्ही वाचले की नाही हे कळायला संदेश दाबून धरून त्याची माहिती उघडावी लागते. नणंदबाईंनी ते कष्ट घेतले आहेत, म्हणजे त्यांना उत्तराची खरोखरच वाट होती. गणपती तोंडावर आहेत; कोण कधी येणार, नैवेद्याला किती माणसे, आरतीला कोण थांबणार हे ग्रुपवर तुकड्यातुकड्याने ठरवण्यात सगळ्यांचाच जीव जातो. रविवारी निवांत वेळ काढून त्यांना फोन करा, सगळे एकदाच ठरवा, आणि बोलता बोलता सांगून टाका की 'ताई, ग्रुपवरचे माझ्याकडून राहून जाते, महत्त्वाचे असेल ते मला फोनवर सांगा.' माणूस दुखावतो तो बहुधा आपल्याला मोजले नाही असे वाटून, आणि दहा मिनिटांच्या बोलण्यात ते वाटणे जाते.

तुमच्यासारखीच अडचण घेऊन गावी राहून पुण्या-मुंबईच्या कंपन्यांसाठी घरून काम करणारी तरुण मंडळीही लिहितात. त्यांची बाब थोडी वेगळी आहे, कारण त्यांच्या डोक्यावर साहेब असतो. फ्रान्समध्ये २०१७ च्या आरंभापासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतरच्या संदेशांविषयी कर्मचाऱ्यांशी बोलणी करावी लागतात. आपल्याकडे २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत कामाच्या वेळेनंतर उत्तर न देण्याच्या हक्काचे खासगी विधेयक मांडले होते, पण त्याचा कायदा झाला नाही. तेव्हा त्या मंडळींनी रेंजची वस्तुस्थिती आणि उत्तराच्या वेळा साहेबाला आधीच लेखी कळवाव्यात आणि तातडीच्या कामासाठी फोन कॉल हा एकच मार्ग ठरवून घ्यावा.

तुमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीच्या चौकशा नवरात्राच्या सुमारास सुरू होतील. गणपतीत यजमान घरी असतीलच; विसर्जनानंतरच्या एखाद्या दुपारी दोघांनी बसून त्यांच्या फोनवर मेल आणि धंद्याचे व्हॉट्सॲप जोडून घ्या, तुमच्या फोनमधले बॅटरीचे निर्बंध काढा, आणि मग फोन तासभर खिडकीत न हलवता ठेवून मुलीला दुसऱ्या खात्यावरून एक चाचणीची मेल पाठवायला सांगा. ती लगेच दिसली तर ठीक. उशिरा दिसली तर दिवाळीच्या आठवड्यापुरत्या चारपैकी दोन खोल्या संकेतस्थळावरून काढून घ्या आणि त्या फक्त ओळखीच्या पाहुण्यांना, फोनवर बोलूनच द्या.